अकरा पोती आणि एक चॅसी: अर्धवट सुटी केलेली जीप घरी जोडताना

जुळे सोलापुरातल्या एका घराच्या मागच्या अंगणात टेम्पोतून उतरलेला माल असा होता. चार चाकांवर उभी, काळ्या रंगात जाड माखलेली चॅसी. हेड काढलेलं पेट्रोल इंजिन, दोन ओंडक्यांवर ठेवलेलं. गियरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) एकमेकांना जोडलेले, पण वरची झाकणं सुटी. नवा पत्र्याचा टब, म्हणजे बोनेटमागची उघडी बॉडी, अंगावर फक्त प्रायमर. जुनं बोनेट, जाळी, काचेची चौकट. आणि अकरा पोती, ज्यांत उरलेली सगळी गाडी. विकणाऱ्याने सांगितलं होतं, ‘‘सामान सगळं आहे, फक्त जोडायचंय.’’ गाडी महिंद्राची सीजे ३बी, म्हणजे लोक जिला सरसकट ‘विलीज’ म्हणतात ती. ठरवलेला वेळ तीन महिने होता, प्रत्यक्षात चौदा लागले.

परदेशात किट कार म्हणून जो प्रकार चालतो, म्हणजे चॅसी एकाची, बॉडी दुसऱ्याची, इंजिन तिसऱ्या गाडीचं आणि जुळवणी आपल्या अंगणात, त्याच्या सगळ्यांत जवळ जाणारी आपल्याकडची गाडी ही जीपच. तिची चॅसी आणि बॉडी वेगळी, बॉडी बाजारात नवी मिळते, आणि साध्या पान्यांनी ती पूर्ण सुटी होते. महिंद्राने सुरुवातीच्या जीप मुंबईत जुळवल्या त्याही पेट्यांतून आलेल्या सुट्या भागांच्याच. फरक एवढाच, की त्या पेट्यांबरोबर यादी आणि क्रम आला होता. पोत्यांबरोबर तो येत नाही. या चौदा महिन्यांतले बहुतेक वाया गेलेले दिवस त्या एका उणिवेचे आहेत. सुटा भाग हरवला तर विकत मिळतो. तो कुठल्या बाजूला, कुठल्या तोंडाने आणि कशाच्या आधी बसत होता हे ज्याने गाडी खोलली त्यालाच ठाऊक होतं, आणि तो माणूस दोन मालकांपूर्वीचा.

पहिला महिना: जोडणी सुरू केली, हीच चूक

मालकांनी पहिल्याच रविवारी इंजिनाला हात घातला. समोर दिसणारं सगळ्यांत मोठं काम तेच, त्यामुळे असं होणं साहजिक आहे. दुपारपर्यंत हेड बसवायला घेतलं आणि हेडचे बोल्ट कुठल्या पोत्यात हे शोधण्यात संध्याकाळ झाली. पुढचे तीन रविवार असेच गेले. एक वस्तू बसवायची, तिचा एक नट सापडत नाही, म्हणून काम थांबवायचं, दुसरं हाती घ्यायचं. महिन्याच्या शेवटी सात ठिकाणी अर्धवट लागलेले भाग होते आणि त्यातले चार पुढे पुन्हा काढावे लागले.

शेजारचे काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं थांबवलं आणि पोती ओतायला लावली. जुन्या सोलापुरी चादरी अंगणात पसरल्या, आठ चादरी, प्रत्येकीला एक नाव: पुढचा एक्सल आणि स्टिअरिंग, मागचा एक्सल, ब्रेक, इंजिन, क्लच आणि गियर, थंडाव्याचं, विजेचं, बॉडी. चादरच का, तर विणीच्या खडबडीत पृष्ठावर छर्रा घरंगळत नाही आणि लहान शिमसुद्धा (फट भरायची पातळ चकती) गडद पट्ट्यावर उठून दिसते. फरशीवर ओतलं असतं तर निम्मं सामान नालीत गेलं असतं.

वर्गवारीला तीन रविवार लागले. ओळखू न येणाऱ्या वस्तूंसाठी नववी चादर, तिच्यावर सुरुवातीला साठेक वस्तू होत्या. प्रत्येक लहान गट झाकणाच्या डबीत, डबीवर रंगाच्या टेपवर नाव, आणि आत लिहिलेली एक चिठ्ठी, कारण डिझेलच्या हाताने टेपवरचं नाव आठवड्यात पुसलं जातं. ज्याला असलं काम करायचंय त्याने हा टप्पा टाळू नये, पहिले तीन आठवडे पाना उचलूच नये.

आटे

जीपचे नट-बोल्ट इंची, अमेरिकन मापाचे. आपल्याकडे त्याचा हिशेब सुतात: पाच-सोळांश इंच म्हणजे अडीच सूत, तीन-अष्टमांश म्हणजे तीन सूत, अर्धा इंच म्हणजे चार सूत. पण सूत फक्त जाडी सांगतं, आटे सांगत नाही. तीन सुतात बारीक आट्यांचा बोल्ट इंचाला २४ आट्यांचा, जाड आट्यांचा १६ चा. पोत्यांत दोन्ही होते, वर मागच्या दोन मालकांनी दुकानातून आणलेले मिलिमीटरचे बोल्टही.

सगळ्यांत फसवा निघाला तो ८ मिलिमीटरचा. त्याची जाडी अडीच सुताच्या बोल्टपेक्षा सहा शतांश मिलिमीटरनेच जास्त, डोळ्याला अजिबात कळत नाही. आट्यांचं अंतर वेगळं असल्याने तो भोकात हाताने दोन-तीन फेरे जातो, मग अडतो. ‘रंग बसलाय’ असं वाटून पाना लावला की भोकातले आटे जातात. बेल हाउसिंगची (क्लचवरच्या कवचाची) दोन भोकं अशीच गेली, एक आधीच्या मालकाकडून, एक इथे. नियम असा ठरला की कुठलाही बोल्ट हाताने किमान पाच फेरे गेला पाहिजे, नाही गेला तर बाजूला. आटे मोजायचं पातं साध्या हत्यारांच्या दुकानात मिळतं, पहिल्या दिवशी घ्यावं. चॅसीतल्या प्रत्येक भोकातून योग्य टॅप (आटे पाडायचं हत्यार) एकदा फिरवून रंग काढला. या कामाला दोन दिवस लागले आणि त्यापुढचं प्रत्येक काम हलकं झालं.

उलट्या आट्यांचं वेगळं सांगायला हवं. या जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड उलट्या आट्यांचे असतात. कमानपाट्याच्या यू-शॅकलमध्येही (पाटा चॅसीला टांगणारी यू आकाराची कडी) काहींच्या एका पायाला उलटे आटे असतात आणि त्याला तसाच उलट्या आट्यांचा बुश (वर चढणारी धातूची नळी) लागतो. चार शॅकल आणि आठ बुश एकाच डबीत असतील तर आधी प्रत्येक बुश प्रत्येक पायावर बोटांनी फिरवून जोड्या लावायच्या आणि मगच ग्रीस लावायचं. इथे एक बुश जबरदस्तीने चढवलेला सापडला. तो आणि शॅकल दोन्ही गेले.

बुश आणि लहान पिना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत झाल्या. यंत्रमागांचे सुटे भाग घडवणारे लेथवाले सोलापुरात आहेत आणि गनमेटलचा बुश त्यांच्या रोजच्या हाताखालचा. त्यांची एकच अट: ‘‘मालक, कागदावरचं माप नको, नमुना आणा. आणि ज्यात बसायचाय तेही आणा.’’ अगदी बरोबर अट आहे. झिजलेल्या पिनेचं माप घेऊन केलेला नवा बुश नव्या पिनेवर चढत नाही.

टब आधी, रंग शेवटी

इंजिन-गियरबॉक्स बसवण्याच्या आधी रिकामा टब एकदा चॅसीवर ठेवून पाहायचा, असं काकांचं म्हणणं. मालकांना ते उलटं वाटलं, कारण टब पुन्हा उतरवायचाच होता. पण बाजारातला टब साच्यातून निघालेला असला तरी त्याची भोकं चॅसीच्या कानांवर जुळतातच असं नाही. इथे पुढची दोन जुळली, मधली ६ मिलिमीटरने आणि मागचं डावं १४ मिलिमीटरने बाहेर.

अशा वेळी जे बहुतेक लोक करतात ते टाळलं: बोल्ट तिरका घालून टब ओढून घेणं. ओढलेला टब त्या दिवशी बसतो. नंतर फरशी आणि बाजूचा पत्रा जिथे मिळतात तिथे वेल्डिंग तडकतं, आणि बोनेटची फट एका बाजूला बोटभर, दुसऱ्या बाजूला कागदभर राहते. आधी चॅसीच तिरकी नाही ना, हे पाहावं. चॅसीवरच्या चार ठरावीक भोकांमध्ये कर्णमाप घेतलं. दोन्ही कर्णांत ३ मिलिमीटरचा फरक निघाला, तेवढा चालतो. म्हणजे दोष टबाचा. सगळ्या रबरी पॅडसकट टब ठेवून, बोल्ट सैल सोडून, बोनेट, जाळी आणि काचेची चौकट नुसती टेकवली. बोनेटच्या फटी सारख्या येईपर्यंत टब सरकवला आणि त्या जागेवर खुणा करून मधली भोकं गोल कानशीने लांबट केली. १४ मिलिमीटरच्या भोकाला खालून ४ मिलिमीटर जाडीची पट्टी वेल्ड करून नवं भोक पाडलं.

त्याच वेळी स्टिअरिंगच्या दांड्याचा कोन, क्लच आणि ब्रेकच्या पायांच्या फटी आणि गियरच्या तिन्ही दांड्यांची जागा तपासली. क्लचचा पाय फरशीच्या कडेला घासत होता. टब रंगवून झाल्यावर हे कळलं असतं तर ग्राइंडरने नवा रंग जळाला असता. मागच्या मालकाने चॅसी आधी रंगवून ठेवली होती. दिसायला काम पुढे गेलेलं, पण त्या रंगानेच पुढे दोन मोठे घोळ घातले.

ब्रेकचा मास्टर सिलेंडर या गाडीत फरशीखाली चॅसीवर असतो आणि पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखाली. त्यामुळे ब्रेकची सगळी नळी, मास्टर सिलेंडर, क्लचची जोडणी आणि चॅसीवरून जाणारी वायर टब कायमचा चढण्याआधी. हा क्रम चुकला तर सहा इंचाच्या फटीत उताणं झोपून तासाभराचं काम दिवसभर करावं लागतं.

पुढचा एक्सल, जिथे शिम हरवल्या होत्या

पुढच्या चाकाचा नकल (स्टिअरिंगबरोबर चाक वळवणारा सांधा) वर-खाली दोन टेपर बेअरिंगवर फिरतो आणि त्याची घट्टाई वरच्या-खालच्या टोप्यांखालच्या पातळ शिमांनी ठरते. पोत्यांत शिम होत्या, पण एकत्र, बावीस. कुठल्या बाजूच्या, वरच्या की खालच्या, काहीच खूण नाही. मालकांनी अंदाजाने सारख्या वाटून टाकल्या आणि नकल हाताने फिरतोय म्हणून काम झालं असं मानलं.

घट्टाई हाताने कळत नाही. पद्धत अशी: टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारी आडवी दांडी) सुटा, नकलचं ऑइल सील काढलेलं, एक्सलची अर्धी दांडी बाहेर. टाय रॉडच्या भोकात वजनाचा स्प्रिंग काटा अडकवायचा, पिशव्या तोलायचा साधा काटाही चालतो, आणि नकल सावकाश ओढायचा. तो फिरत राहायला ४ ते ६ पौंड, म्हणजे साधारण १.८ ते २.७ किलो ओढ लागली पाहिजे. डाव्या बाजूला काटा जेमतेम अर्धा किलो दाखवत होता, उजव्या बाजूला चार. सैल बाजू असलेली जीप ताशी पन्नासच्या आसपास एका खड्ड्यावर पुढची चाकं थरथरवायला लागते आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. घट्ट बाजू वळणानंतर स्टिअरिंग सरळ येऊ देत नाही. दोन्ही दोष एकाच एक्सलवर होते.

शिम कमी केली की घट्टाई वाढते. वरून आणि खालून शक्यतो सारख्याच काढायच्या, म्हणजे नकल मध्यावर राहतो आणि आतला सांधा एका बाजूला ओढला जात नाही. प्रत्येक शिमची जाडी मायक्रोमीटरने मोजून तिच्यावर बारीक पेनने लिहिली. बेरीज वहीत. सहा वेळा उघडझाप करून दोन्ही बाजू सव्वादोन किलोवर आल्या. टो-इन (पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत असणं) या गाडीला इंचाच्या तीन-चौसष्टांश ते तीन-बत्तीसांश, म्हणजे सव्वा ते अडीच मिलिमीटरच्या मधे. अंगणात दोरी आणि मोजपट्टीने ते नीट बसतं, मात्र चाकं आधी थोडी पुढे ढकलून मग मोजायची, मागे ढकलून नाही.

पुढच्या आणि मागच्या एक्सलचं गुणोत्तर एकच आहे ना, हे याच टप्प्यावर तपासलं. बाजारातून आलेल्या जीपमध्ये मागचा एक्सल दुसऱ्या मॉडेलचा असणं नवलाचं नाही. मूळ गुणोत्तर ४३ ला ८ दात, म्हणजे ५.३८. झाकण न उघडता तपासायचं तर एक चाक धरून ठेवा, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा आणि मधल्या शाफ्टचे फेरे मोजा. पाच पूर्ण आणि वर एक-तृतीयांशाहून थोडं जास्त आलं तर ५.३८. दोन्ही एक्सल सारखे निघाले. वेगळे असते तर पक्क्या रस्त्यावर चारचाकी गियर टाकताच ट्रान्सफर केसवर ताण येऊन ती कधीतरी बसलीच असती.

गियरबॉक्समधला हरवलेला तुकडा

झाकणं सुटी होती म्हणजे आतले छर्रे, स्प्रिंगा आणि दोन दांड्यांच्या मधला अडसर हे सगळं सुटलेलं होतं. हा अडसर म्हणजे बोटाच्या पेराएवढासुद्धा नसलेला पोलादी तुकडा. एक गियर पडलेला असताना दुसऱ्याची दांडी हलू नये एवढंच त्याचं काम. तो न घालताही झाकण व्यवस्थित बंद होतं, गियर पडतात, सगळं ठीक वाटतं. मग एखाद्या दिवशी दोन गियर एकदम पडतात आणि गाडी जागीच जखडते. नवव्या चादरीवरच्या ‘काय आहे कळत नाही’ या डबीत तो दोन महिने पडून होता. बेअरिंगचा फुटलेला रोलर समजून मालक तो टाकणारच होते. ओळख न पटलेली वस्तू गाडी रस्त्यावर येईपर्यंत टाकायची नाही, हे त्या दिवशी ठरलं.

तेल ८०-९० ग्रेडचं, गियरबॉक्समध्ये जीएल-४ प्रतीचं. आत पितळी जातीच्या सिंक्रो रिंगा आहेत आणि जीएल-५ मधली काही रसायनं त्यांना मानवत नाहीत. डिफरन्शियलला (एक्सलच्या मधल्या गियरच्या संचाला) जीएल-५ चालतं. प्रोपेलर शाफ्ट दोन तुकड्यांचा, मधे सरकता सांधा. दोन्ही टोकांचे क्रॉसचे कान एका पातळीत आले पाहिजेत. शाफ्टवर बाणांच्या खुणा असतात, पण जाड काळ्या रंगाखाली त्या गेल्या होत्या. खरवडून काढल्या.

क्लच प्लेट मध्यावर आणायला लेथवाल्याकडून सागाची डमी शाफ्ट करून घेतली. तिचं टोक इंजिनाच्या मागच्या टोकातल्या पायलट बुशात आणि जाड भाग प्लेटच्या दातांत. गियरबॉक्स सरकवताना त्याचं वजन एक क्षणही प्लेटवर लोंबकळू द्यायचं नाही. मिस्त्री लोक हे जाणतात, घरी करणारे दमल्यावर विसरतात. चेनपुली आणि दोन माणसं नसतील तर त्या दिवशी हे काम काढू नये.

इंजिन: दोन जागी व्हॉल्व्ह आणि एक लपलेला बोल्ट

हे २,१९९ सीसीचं हरिकेन इंजिन. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. या उंच हेडमुळेच सीजे ३बीचं बोनेट इतकं वर आहे. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी, दोन ठिकाणी लावावे लागतात, इनटेकचे वरचं झाकण काढून, एक्झॉस्टचे बाजूचं. इंजिन थंड असताना इनटेकला १८ थाउ (इंचाचे हजारावे भाग) आणि एक्झॉस्टला १६ थाउ. नवखा माणूस वरचे लावून झाकण बंद करतो आणि खालचे आहेत हेच त्याला माहीत नसतं.

इंजिन वर्षानुवर्षं उघडं पडलेलं. चौथ्या सिलेंडरच्या भिंतीवर गंजाचा पट्टा आणि एक्झॉस्टचे दोन व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकलेले. हेड नव्हतंच, त्यामुळे सिलेंडरमध्ये डिझेल आणि गियर ऑइल निम्मं-निम्मं ओतून चार दिवस ठेवलं. मग पुढच्या हॅंडलने सावकाश मागे-पुढे. एकदम फेरा मारायचा नाही, रिंग तुटते. गंजाचा पट्टा होनिंगने (आतून हलकं घासून) गेला नाही, शेवटी चारही सिलेंडर एक माप मोठे बोअर करावे लागले. खर्च नको म्हणून तसंच चढवलं असतं तर दोन महिन्यांत ऑइल जळून निळा धूर आला असता आणि सगळं पुन्हा खाली उतरवावं लागलं असतं.

हेड बसलं. सगळे बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, शेवटी ६० ते ७० फूट-पौंड, म्हणजे अंदाजे ८.३ ते ९.७ किलोग्रॅम-मीटर. सगळे म्हणजे दिसणारे. या हेडला एक बोल्ट कार्बोरेटर बसतो त्या तोंडाच्या आत आहे. वरून पाहिलं तर ते हवा जायचं भोक वाटतं, आत बॅटरी मारली तरच बोल्टची जागा दिसते. पोत्यातला एक बोल्ट उरला तेव्हा मालकांना आनंद झाला, एक जास्तीचा म्हणून. काकांनी तो हातात घेतला, लांबी पाहिली आणि कार्बोरेटर उतरवायला सांगितलं. तो बोल्ट नसता तर हेडवर दाब सारखा बसला नसता आणि गॅस्केट मधेच फुंकलं असतं.

डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) या इंजिनात ऑइल पंपाच्या शाफ्टवरून फिरतो. पंपाच्या खाचेत डिस्ट्रिब्युटरची जीभ बसते आणि ती खाच मध्यावर नसते, म्हणून जीभ एकाच तोंडाने बसते. पण पंपच एक दात चुकून लावला असेल तर डिस्ट्रिब्युटर कितीही फिरवा, टायमिंग त्याच्या हद्दीत येत नाही. पहिल्यांदा सुरू करताना नेमकं हेच झालं. हॅंडल मारलं की कार्बोरेटरमधून फटाका. मालकांनी प्लगच्या वायरी अदलाबदल करून पाहण्यात दोन दिवस घालवले. क्रम १-३-४-२ होता, तो बरोबरच होता. उपाय असा: पहिल्या सिलेंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा, हॅंडल फिरवताना दाब आला की तो कॉम्प्रेशनचा फेरा. खूण जुळेपर्यंत पुढे न्यायचं. आता रोटर पहिल्या वायरीकडे तोंड करून उभा पाहिजे. नव्हता, साधारण एका दाताने मागे होता. पंप बाहेर ओढून एक दात फिरवून बसवला आणि तिसऱ्या हॅंडलला इंजिन धरलं.

त्याच फेऱ्यात ऑइलच्या काट्याने शून्य दाखवलं. पंप कोरडा बसवला की तो तेल ओढत नाही. इंजिन लगेच बंद केलं म्हणून बेअरिंग वाचली. पंप पुन्हा उघडून गियरच्या पोकळीत व्हॅसलीन भरलं, चारही प्लग काढून हॅंडलने फिरवलं, काटा उठल्यावरच प्लग लावले. हे बसवतानाच करायला हवं होतं. प्लगची फट ३० थाउ, पॉइंटची २० थाउ.

चॅसीवरच्या रंगाची वीज

दिवे मंद, हॉर्न घोगरा, स्टार्टर ओढत नाही, बॅटरी नवी. दोन वायरमन येऊन गेले, दोघांनी वायरिंग बदलायला सांगितलं. दोष वायरिंगमध्ये नव्हता, अर्थ, म्हणजे वीज बॅटरीकडे परतायची वाट, मिळत नव्हता. चॅसीवरच्या जाड रंगावर अर्थची पट्टी आवळली होती, इंजिन रबरी पॅडवर बसलेलं आणि टबसुद्धा रबरावर. म्हणजे तिघांपैकी एकही एकमेकांना विजेने जोडलेला नाही. बॅटरी ते चॅसी, इंजिन ते चॅसी, टब ते चॅसी अशा तीन विणलेल्या पट्ट्या, प्रत्येक टोकाखाली नाण्याएवढी जागा पांढऱ्या धातूपर्यंत खरवडून, आवळल्यावर वरून ग्रीस. पाऊण तासाचं काम. आधीच्या फेऱ्यांत चार आठवडे गेले.

सोलापूरचं बोअरचं पाणी जड. ते रेडिएटरमध्ये घातलं की दोन उन्हाळ्यांत आत पांढरा थर बसतो, आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ही इंजिनं तापण्याचं पहिलं कारण तोच थर. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, मिळून साधारण ११ लिटर. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून हातभर लांब नेली, नाहीतर दुपारच्या ट्रॅफिकमध्ये सात रस्त्याला उभं राहिल्यावर नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते.

कागद

हे काम शेवटी ठेवलं, खरं तर गाडी बघायला गेल्या दिवशी करायचं होतं. चॅसीवरचा नंबर त्याच काळ्या रंगाखाली. तो खरवडायला ग्राइंडर किंवा वायर ब्रशची मशीन लावायची नाही. आकडे घासले गेले तर फेरफार केल्याचा संशय येतो. रंग काढायचं रसायन, कापूस आणि धीर. नंबर आरसीशी जुळला, इंजिनाचाही जुळला. जुळला नसता तर चौदा महिन्यांची मेहनत अंगणातच राहिली असती.

मालकांना मधे एकाने स्वस्तात डिझेल इंजिन देऊ केलं होतं. आरसीवर इंधन पेट्रोल. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही आणि ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती बाब आणखी स्पष्ट केली. जीपच्या बाबतीत हे फार लोक हलक्यात घेतात, आणि अपघातानंतर विमा कंपनीने हात वर केले की मग जागे होतात. मूळ इंजिनच दुरुस्त करण्याचा निर्णय महाग पडला, पण तोच बरोबर होता. मालकी बदलाला नमुना २९ आणि ३०, पंधरा वर्षांवरच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला नमुना २५, वर पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि गाडी प्रत्यक्ष तपासणीला नेणं. तपासणीत ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंगची ढिलाई बघितली जाते, त्यामुळे नकलचं काम नीट झालेलं असणं इथेही उपयोगी पडलं.

चालल्यानंतर

पहिले ५० किलोमीटर वस्तीच्या आसपासच, होटगी रोडच्या पुढे नाही. परत आल्यावर यू-बोल्टचे सगळे नट पाव फेरा फिरले. कमानपाट्याची पानं बसतात तसे ते सैल होतातच. डाव्या मागच्या ब्रेकची नळी टी-जोडापाशी पाझरत होती, टोक पुन्हा दुमडून घेतलं आणि हवा काढली, सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून.

नव्या गॅस्केटवरचं हेड ३०० किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना पुन्हा आवळायचं. त्याआधी कार्बोरेटर उतरवायचा, कारण तो आतला बोल्टही आवळायचा आहे. मग वरचे टॅपेट, मग खालचे. मालकांनी हे सगळं एका रविवारी सकाळी सहाला सुरू केलं आणि ऊन शेडखाली यायच्या आत साडेनऊला संपवलं. नवव्या चादरीवर त्या दिवशी अकरा वस्तू उरल्या होत्या. त्यातल्या सात दुसऱ्याच कुठल्या गाडीच्या निघाल्या, चार अजून डबीत आहेत.